मामाला नर्सिंग होममधून घरी आणताना : कामाच्या नोंदी

भारतात नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचा खाजगी दवाखाना. इथे अमेरिकेत माणूस तिथे महिनोन्‌महिने राहतो, कधी कायमचाच. मामा जानेवारीत स्ट्रोकनंतर हॉस्पिटलमधून ‘तीन आठवड्यांच्या थेरपीसाठी’ तिथे गेला आणि बघता बघता ऑगस्ट उजाडला. उजवी बाजू लुळी, वाचा बरीचशी गेलेली. आमच्या ओळखीत आणखी दोन घरांत हाच प्रश्न आहे. त्यांनी विचारलं, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतेय. नियम राज्यागणिक बदलतात, तेवढं धरून वाचा.

१४ ऑगस्ट

मामाच्या फाइलमधला ‘क्यू’ विभाग बघायला मागितला. मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) यांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाची एमडीएस नावाची लांबलचक तपासणी ठरावीक काळाने भरावी लागते. तिच्या क्यू विभागात रहिवाशाला विचारायचं असतं, की इथून बाहेर पडून राहण्याबद्दल तुम्हाला कुणाशी बोलायचंय का. मामाच्या नावापुढे ‘नाही’. दोन वेळा.

विचारलं होतं इंग्रजीत, घाईघाईत, खाटेशेजारी उभं राहून. स्ट्रोकमध्ये मामाचं इंग्रजी मराठीपेक्षा जास्त गेलंय. एकदा फोनवरून दुभाषी दिला होता, तो हिंदीचा.

मग मी मराठीत विचारलं, “मामा, घरी जायचंय?” “हो.” मला इतका आनंद झाला की मी लगेच सोशल वर्करकडे निघालेच. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, जरा थांब, उलटं विचारून बघ. “मामा, तुला इथेच राहायचंय का?” “हो.” आमची दोघींची तोंडं पडली.

शेवटी तिनेच वाट काढली. दोन फोटो : एक त्याच्या इथल्या खाटेचा, दुसरा माझ्या स्वयंपाकघराचा. जागा बदलून तीनदा समोर ठेवले. तिन्ही वेळा मामाचा डावा तळहात स्वयंपाकघरावर पडला, आणि तिसऱ्या वेळी त्याने खाटेचा फोटो टेबलावरून खाली ढकलला. थेरपिस्टने हे सगळं तारीख-वेळेसकट फाइलमध्ये लिहिलं. नुसतं ‘हो’ म्हणाला यावर कुणी फसू नका, आणि नुसतं ‘नाही’ म्हणाला यावर तर मुळीच नको.

२९ ऑगस्ट

क्यू विभागात ‘हो’ आलं की नर्सिंग होमला राज्याने नेमलेल्या स्थानिक संस्थेला कळवावं लागतं. कळवलं नव्हतं. दोन आठवडे मी नुसती वाट बघत बसले, ही माझी पहिली चूक. आज स्वतःच फोन केला आणि आमच्या भागातल्या सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंगची (अपंग माणसांना स्वतंत्र राहायला मदत करणारी संस्था) एक समन्वयक मिळाली. ती स्वतः व्हीलचेअरवर आहे. नर्सिंग होममधून लोकांना बाहेर काढणं हे २०१४ च्या कायद्यापासून या सेंटरांच्या मूळ कामांत धरलं जातं.

तिने ‘मनी फॉलोज द पर्सन’ या योजनेचा अर्ज भरला. संस्थेतून बाहेर राहायला जाणाऱ्यांसाठीची ही मेडिकेडची योजना. किमान ६० दिवस संस्थेत राहिलेला मेडिकेडवाला माणूस लागतो (आधी ९० दिवसांची अट होती), आणि बाहेर पडल्यावर ३६५ दिवस मदत मिळते. नातेवाइकाचं घर चालतं, पण वेगळं अपार्टमेंट घ्यायचं तर लीज त्याच्या स्वतःच्या नावावर हवं आणि दाराचं कुलूप त्याच्या हातात. माझ्या घरी तळमजल्यावर संडास-बाथरूम नाही, त्यामुळे ‘माझ्याकडेच ये’ हा पर्याय आम्ही पहिल्या पाच मिनिटांतच खोडला. खरं सांगायचं तर मामाने तो त्याच्याही आधी खोडला होता.

११ सप्टेंबर

कागदपत्रं. राज्याचं ओळखपत्र संपलेलं, सोशल सिक्युरिटी कार्ड हरवलेलं, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र बेपत्ता. मामाचं जुनं अपार्टमेंट एप्रिलमध्ये रिकामं केलं तेव्हा सामान तीन ठिकाणी वाटलं गेलं, आणि कुणी काय नेलं याची नोंद नाही. मी घाबरून प्रमाणपत्राच्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज भरला. फी पाचशे डॉलरच्या वर, वेळ कित्येक महिने.

२० सप्टेंबर

मूळ प्रमाणपत्र सापडलं. मावसभावाच्या गॅरेजमध्ये, तबल्याच्या खोळीत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. अर्जाची फी परत मिळत नाही.

नर्सिंग होममध्ये असलेल्या माणसाची खोली रिकामी करायची वेळ आलीच, तर कागदांची पिशवी आधी बाजूला काढा आणि मग भांड्यांकडे वळा.

३० सप्टेंबर

केअर कॉन्फरन्स, म्हणजे मामाच्या काळजीबद्दलची बैठक. टेबलाभोवती सहा जण. नर्सिंग होमचा सूर एकच : ‘सेफ नाही.’ समन्वयकाने शांतपणे विचारलं, कशात सेफ नाही, एकेक करून सांगा, मी लिहून घेते. सहा गोष्टी निघाल्या : संडासला जाणं, गोळ्या, अंघोळ, पडला तर काय, आग लागली तर काय, आणि ‘एकटा पडेल’. समन्वयक म्हणाली, ही यादी झाली कामाची, आता प्रत्येकीपुढे उपाय लिहू. १९९९ च्या ओल्मस्टेड निकालाचा तिने एका वाक्यात उल्लेख केला. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं, की बाहेर राहता येण्याजोग्या माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणं हा भेदभाव आहे. पण बैठक फिरली ती निकालाने नाही, त्या यादीने. राज्याच्या लाँग टर्म केअर ओम्बड्समनचा (नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या तक्रारी बघणारा) प्रतिनिधीही बोलावला होता. तो जवळजवळ काहीच बोलला नाही, तरी त्याच्या नुसत्या असण्याने सगळे जपून बोलत होते. बोलावणं फुकट असतं, बोलवाच.

ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) चाचणी सुचवली : मामाने स्वतः चहा करून दाखवायचा.

४ ऑक्टोबर

चहाची चाचणी, थेरपीच्या स्वयंपाकघरात. विजेची किटली, एक मग, टी-बॅग. मामाने टी-बॅगकडे असं काही बघितलं, की थेरपिस्टने मला विचारलं याला काय झालं. काय सांगणार? या माणसाने बॅगेच्या चहाला आयुष्यात कधी चहा म्हटलं नाही.

भरलेली किटली डाव्या हाताने उचलताना मनगट थरथरलं, पाणी ओट्यावर सांडलं. थेरपिस्टने किटली अर्ध्यावर आणली. मग सरकत होता, त्याखाली तिने न घसरणारी रबरी चटई ठेवली. टी-बॅगचं पाकीट मामाने दातांनी फाडलं. पुढचा भाग मी विसरणार नाही. किटलीचं बटण खटकन बंद झालं तरी त्याने घाई केली नाही. चाकाला ब्रेक लावला, चांगला पाय जमिनीवर रोवला, आणि मगच किटलीला हात घातला. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. एकूण अकरा मिनिटं. चहा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “घे.” अख्ख्या दिवसातला त्याचा पहिला शब्द.

अहवालात आलं : ‘सामान हाताशी मांडून दिल्यास करू शकतो.’ या एका ओळीवर पुढे मदतनिसाचे तास ठरले. आठवड्याला २८.

२२ ऑक्टोबर

घरभाड्याचं व्हाउचर, म्हणजे भाड्यासाठीची सरकारी मदत, मंजूर. आमच्या हाउसिंग ऑथॉरिटीच्या यादीत संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना प्राधान्य आहे. सगळीकडे नसतं, विचारून घ्या. मामाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, बाकी व्हाउचर भरणार. घर शोधायला मुदत ६० दिवस. मला वाटलं, भरपूर झाले.

१८ नोव्हेंबर

भरपूर नाहीत. २३ फोन केले. नऊ जणांनी ‘व्हाउचर’ शब्द ऐकताच जागा गेली म्हणून सांगितलं. सहा ठिकाणी पायऱ्या. चार घरं प्रत्यक्ष बघितली. एजंट ज्याला ‘ॲक्सेसिबल’ म्हणतो त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की इमारतीत लिफ्ट आहे.

जाताना टेप घेऊनच जा. दाराची रुंदी म्हणजे फळीची रुंदी नव्हे. दार ९० अंशांत उघडून, दाराच्या अंगापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजायचं. हवी ३२ इंच. मामाच्या खुर्चीची बाहेरची रुंदी साडेपंचवीस, म्हणून मी २८ वर खूश होते. मग लक्षात आलं की चाक फिरवणाऱ्या हाताची बोटं चाकाच्याही बाहेर असतात.

आजचं घर, तळमजला. समोर एकच पायरी, पाच इंच. बेडरूमचं दार ३२. बाथरूमचं २९ भरलं. समन्वयक म्हणाली, बिजागऱ्या बदलू, सरकत्या बिजागऱ्यांनी दार पूर्ण बाजूला जातं आणि दीडेक इंच मिळतो. ३२ होत नाही, पण दाराच्या आत वळण सरळ आहे, चालून जाईल. मुदत वाढवायचा अर्ज अपंगत्वाच्या कारणावरून आजच टाकला. शेवटच्या दिवसाची वाट बघितली नाही, एवढं तरी शिकलेय.

३ डिसेंबर

घराची तपासणी झाली, लीजवर सही झाली. मामाने डाव्या हाताने केली. मालकाच्या माणसाला ती सही वाटेना, समन्वयकाने त्याला सांगितलं की सहीच आहे.

पैशांची चूक मात्र इथेच झाली. नर्सिंग होममध्ये असेपर्यंत मामाची बहुतेक सगळी सोशल सिक्युरिटी (सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे) तिथेच जाते. हातखर्चाला जी रक्कम उरते तिची केंद्राची किमान मर्यादा महिन्याला ३० डॉलर. आणि भाडं तर आजपासून सुरू! मेडिकेड सहसा भाडं देत नाही, आणि आम्हाला योजनेतून डिपॉझिट मिळालं पण महिन्याचं भाडं नाही. डिसेंबरचा आणि जानेवारीचा मामाचा वाटा आम्ही भावंडांनी भरला. नंतर कळलं, सहा महिन्यांच्या आत घरी परतेल असं डॉक्टरने लिहून दिलं तर घर चालवण्यापुरते पैसे बाजूला ठेवायची सोय नियमात आहे. राज्याने ती स्वीकारलेली असावी लागते. आमच्याकडे होती. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१४ डिसेंबर

या सगळ्या कामातली सगळ्यात मूर्ख चूक. बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवायच्या होत्या. मामाचा डावा हात चालतो, म्हणजे दांडी डावीकडे. मी कमोडसमोर उभी राहिले, डाव्या हाताच्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली, सुताराला फोटो पाठवला. त्याने काम चोख केलं : लाकडी आधार शोधून, ३४ इंचांवर, लटकून बघितलं तरी हलली नाही.

आज समन्वयक आली. दारातूनच म्हणाली, बस बघू त्यावर. बसले. दांडी माझ्या उजव्या हाताला.

माणूस कमोडकडे पाठ करून बसतो, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नव्याने कळलं. दुसऱ्या बाजूला भिंत दूर आहे, तिथे दांडी पोचत नाही. म्हणून कमोडलाच जोडायची, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट घेतली. बैठकही उंच झाली, १८ इंच. भिंतीवरची दांडी तशीच ठेवली. दांडी, मजुरी आणि दुसरी फेरी मिळून २१० डॉलर पाण्यात. माप घेताना नेहमी बसून घ्या. शॉवरचं पुढच्या वेळी मी टबातल्या खुर्चीवर बसून, उजवा हात ओढणीने पोटाशी बांधून मोजलं. सुतार हसला, पण दांडी बरोबर जागी बसली.

२ जानेवारी

रॅम्प. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं ‘६ इंचांपर्यंत’, म्हणून तीन फुटी घेतला. रिकामी खुर्ची मस्त चढली. मग भाचा बसला, आणि उतरताना खुर्ची माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. एक इंच उंचीला एक फूट लांबी हा साधा हिशोब मला ठाऊक होता, पण पाटीवर विश्वास ठेवला. पाच इंचांना पाच फूट. परतीचे ४० डॉलर कापले.

पाच फुटी आला तर जाळीचं बाहेरचं दार रॅम्पवर आपटून अर्ध्यातच अडकलं. मालकाने लेखी परवानगी दिली, दार काढून तळघरात ठेवलं. जाताना परत बसवून द्यायचं.

१६ जानेवारी

डॉक्टर. नर्सिंग होमच्या डॉक्टरची जबाबदारी मामा दाराबाहेर पडला की संपते. घरी येणाऱ्या नर्सला आणि थेरपिस्टला कुणाची तरी सही लागते, आणि पेशंटला समोर बसवून तपासल्याची नोंद असावी लागते : सेवा सुरू व्हायच्या आधीच्या ९० दिवसांत किंवा नंतरच्या ३० दिवसांत. नव्या डॉक्टरकडे नवीन पेशंटची पहिली तारीख मार्चची. आठवडाभर रोज सकाळी आठला फोन करून ‘कुणी रद्द केलंय का’ विचारलं, तेव्हा २९ तारखेची मिळाली. हे काम ऑक्टोबरमध्ये, चहाच्या चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी करायला हवं होतं.

१९ जानेवारी

नर्सिंग होमची खुर्ची नर्सिंग होमचीच, ती बरोबर येत नाही. स्वतःची खुर्ची डिस्चार्जच्या जास्तीत जास्त दोन दिवस आधी पोचवतात, म्हणजे चूक निघाली तर दोनच दिवस हातात.

निघाली. मामा डाव्या हाताने चाक फिरवतो आणि डाव्या पायाने जमीन रेटतो. नव्या खुर्चीत पाय लोंबकळत होता. मला वाटलं, आता खुर्ची बदलणार म्हणजे महिना गेला. पुरवठादाराच्या माणसाने मागच्या चाकांचा आस वरच्या भोकात घातला, पुढची चाकं खाली-वर केली, बैठक दोन इंच खाली. वीस मिनिटांचं काम. टाच टेकली. मग नर्सने वर तीन इंची गादी ठेवली, आणि पाय पुन्हा अधांतरी! त्वचेला जपायला गादी हवीच, म्हणून पातळ प्रकारची मागवली. उंची नेहमी गादीसकट मोजायला सांगा.

२१ जानेवारी

घरी. सकाळी अकराला निघायचं ठरलं होतं, औषधांच्या सहीसाठी दोन वाजले. बर्फ पडत होता. मामाने रॅम्पवर मला ढकलू दिलं, उंबऱ्यावर हात वर करून थांबवलं, आणि आतला शेवटचा फूटभर स्वतः रेटला. किल्ली त्याच्या गळ्यात, दोरीला. मदतीसाठी दाबायचं बटणही त्याच दोरीला अडकवलं होतं.

२२ जानेवारी

दोन गोष्टी एकाच दिवशी कोसळल्या.

सकाळचा मदतनीस आला नाही. योजनेत चोवीस तासांची पर्यायी सोय लिहिलेली असते, तो नंबर फ्रिजवर चिकटवला होता. फोन केला, पर्यायी माणूस दीड तासात पोचला. तोवर मी ऑफिसला दांडी मारून गेलेच होते.

दुसरं, औषधं. नर्सिंग होमने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. नेहमीच्या फार्मसीत गेले तर विमा नाकारतोय : ‘इतक्यात पुन्हा नाही.’ कारण नर्सिंग होमच्या फार्मसीने महिन्याभराच्या गोळ्यांचं बिल आधीच लावलेलं, आणि गोळ्या तिकडेच राहिलेल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यात होती, म्हणजे चुकवून चालणार नाही. फार्मासिस्टने विमा कंपनीला फोन लावला, ‘लेव्हल ऑफ केअर चेंज’, म्हणजे काळजी घेण्याची जागा बदलली, हे कारण घातल्यावर बिल पास झालं. पन्नास मिनिटं काउंटरवर उभी होते. हा शब्दप्रयोग लिहून ठेवा, आमच्या बाबतीत जादूसारखा चालला.

६ फेब्रुवारी

सोशल सिक्युरिटी अजून नर्सिंग होमच्या नावावर जातेय, कारण त्याच्या वतीने पैसे घेणारा प्रतिनिधी म्हणून तेच नोंदलेले. मामाला स्वतःच्या नावावर घ्यायचेत. डॉक्टरने एसएसए-७८७ हा नमुना भरून दिला, की हा माणूस स्वतःचे पैसे सांभाळू शकतो. ऑफिसातल्या बाईने मामाला एक-दोन प्रश्न विचारले. मी भाषांतर करणार तेवढ्यात मामाने खिशातून भाड्याची पावती काढून तिच्यासमोर ठेवली. बाकीचे प्रश्न तिने विचारलेच नाहीत.

जानेवारीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे नर्सिंग होमकडून परत यायचेत. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी

रात्री तीनला बटण दाबलं गेलं. धावत गेले. मामा खाटेवर ठीक बसलेला, दोरी कुशीखाली आलेली. आता झोपताना बटण मनगटाला. तो माझ्यावर चिडला होता, कारण मी येताना शेजाऱ्यांना उठवलं.

त्या यादीतली सहावी ओळ, ‘एकटा पडेल’, तिचा उपाय मला अजून सापडलेला नाही. शनिवारी मंडळातले एक काका पत्ते खेळायला येतात. बाकीचे दिवस मामा खिडकीत बसतो. नर्सिंग होममध्येही तो खिडकीतच बसायचा, पण तिथे खिडकी कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

२ मार्च

रॅम्पच्या खालच्या टोकाला छताचं पाणी ठिबकून रोज सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. मीठ टाकून बघितलं, तर ॲल्युमिनियमला पांढरे डाग पडायला लागले. पन्हळीचं तोंड दुसरीकडे वळवलं, साडेअकरा डॉलरचा कोपरा लागला. नर्सिंग होमचा परतीचा चेक आला, ठरल्यापेक्षा ६२ डॉलर कमी. तिसरं पत्र उद्या, या वेळी ओम्बड्समनला प्रत लावून.

किटली अर्धीच भरायची म्हणून आतल्या बाजूला लाल रेघ मारली होती. मामा रेघेच्या वर भरतो. मनगट आता थरथरत नाही.